मुधोळकर पेठ

पऱ्हाटीचा पहिला वेचा निघायच्या आधी आमच्या घरी सीतादही व्हायचं. डोक्यावर टोपली घेतलेली आजी पुढं, तिच्यामागं माय, मायच्या मागं वेचणाऱ्या बाया आणि सगळ्यांत शेवटी आम्ही पोरं. धुऱ्याजवळच्या एखाद्या भरदार झाडाखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि उरलेला दहीभात शेतभर शिंपडत जायचं. मग आजी स्वतःच्या हातानं पहिली पाच बोंडं वेचायची. तो कापूस ओटीतल्या कापसात मिसळायचा नाही. पदराच्या टोकाला बांधून तो घरी यायचा. दिवेलागणीला ती बोटांनी त्यातली सरकी काढायची, मांडीवर घासून वात वळायची आणि देवाजवळ लावायची.

वर्षभर राबून पिकवलेल्या मालातला तेवढाच कापूस आमच्या घरात कामाला यायचा. बाकीचा सगळा गाडीत भरून अकोल्याला.

मी पहिल्यांदा जिन पाहिलं ते आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, गाडीवर बसून जाऊन. सात-आठ वर्षांचा असेन. आवारात घराएवढ्या उंच गंज्या, टिनाच्या लांबलचक छपराखाली ओळीनं बसवलेली यंत्रं. एका बाजूनं बाया कापूस टाकत होत्या, दुसऱ्या बाजूनं रुई फुलून पडत होती आणि खाली सरकीचा ढीग वाढत होता. हवेत इतके तंतू उडत होते की तिथल्या जवान माणसांच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या. पलीकडच्या प्रेसमध्ये रुई दाबून, पट्ट्या आवळून गाठी बांधत होते. आबाजींनी एका गाठीवर थाप मारली. एवढी मऊ वस्तू दगडासारखी टणक झाली होती. ते म्हणाले, "पाहून घे बाप्पा. इथून पुढं आपलं काही नाही. हे जाते, याचं कापड व्हते, अन् मंग आपण तेच विकत आणतो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, नदीला पूर येतो, तसं ते सांगत होते.

पुढं शाळा-कॉलेजात हिशेब शिकलो. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. १७० किलोच्या एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. पण आबाजींच्या त्या वाक्याचा हिशेब काही सुटला नव्हता. ज्या माणसानं तो मांडून ठेवला होता त्याची ओळख मला फार उशिरा झाली, आणि तीही आधी एका पत्त्यामुळं.

अमरावतीत मुधोळकर पेठ नावाची वस्ती आहे. एका नातेवाइकांकडं जायचं होतं म्हणून ऑटोवाल्याला पत्ता सांगितला आणि सहज विचारलं, "भाऊ, हे मुधोळकर म्हणजे कोण?" तो आरशातून माझ्याकडं पाहत म्हणाला, "पेठच हाय ना भाऊ ते. आधीपासूनच हाय." माणसाचं नाव वस्तीला पडतं आणि वस्ती इतकी नांदती होते की माणूस मागं राहतो. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळपासून मला राहवेना.

रघुनाथ नरसिंह मुधोळकर. जन्म धुळ्याचा, १६ मे १८५७. मेरठच्या छावणीत उठाव होऊन सहावा दिवस होता. वडील जिल्हा कोर्टात दफ्तर सांभाळायचे. घर खाऊनपिऊन सुखी, पण ऐश्वर्य असं काही नाही. रघुनाथ मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, पदवी घेऊन तिथंच काही काळ फेलो राहिला, कायद्याची परीक्षा दिली आणि वकिलीसाठी वऱ्हाडात आला. अमरावतीत त्यांचं बस्तान असं बसलं की थोड्याच वर्षांत वकील मंडळींचे ते पुढारी झाले. इथवरची कथा त्या काळच्या शंभर हुशार मुलांची आहे. तिथून पुढची मात्र फार थोड्यांची.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात एक आयुष्यक्रम ठरूनच गेला होता. माणूस गिरणी काढायचा, पैसा मिळवायचा, मग पार्लमेंटात जायचा आणि उतारवयात गावाला वाचनालय, दवाखाना, बाग देऊन जायचा. रॉचडेलचा जॉन ब्राइट हा त्यातला मोठा माणूस. घरची सूतगिरणी, खासदारकी, मंत्रिपद, गोरगरिबांचा कैवार, सगळं त्याच्यात होतं. आणि याच ब्राइटच्या अध्यक्षतेखाली १८४८ साली पार्लमेंटची एक समिती बसली होती, हिंदुस्थानात कापूस जास्त कसा पिकेल याचा विचार करायला. म्हणजे आमच्या पऱ्हाटीची चिंता रॉचडेलात वाहिली जात होती. मुधोळकरांचं आयुष्य त्याच साच्यातलं, पण पायऱ्या उलट्या. आधी कोर्ट, मग कंपनी, मग राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस. हातात गिरणी होती म्हणून ते राजकारणात गेले नाहीत. गिरण्या निघाल्या पाहिजेत हेच त्यांचं राजकारण होतं.

हे कळायला त्या वेळचं वऱ्हाड डोळ्यांसमोर आणावं लागतं. १८५३ च्या तहानं निजामानं हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. सरकारी कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी लिहून ठेवलंय की इथल्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. आमच्या गावातही ही गोष्ट सांगतात, फक्त आमच्या गावात ती धाव शेजारच्या गावच्या पाटलाच्या गाडीला असते आणि शेजारच्या गावात आमच्या पाटलाच्या. १८६५ ला यादवी संपली, भाव कोसळले, चांदी सावकाराकडं गेली. पण कापूस राहिला, कारण तोवर आगगाडी आली होती. १८६७ ला रूळ नागपूरपर्यंत पोचले. १८७० ला खामगावचा फाटा सुरू झाला, तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला तो त्याच सुमारास. दहाएक किलोमीटरचा. एवढ्याशा अंतरासाठी रूळ टाकावे असं अमरावतीत काय होतं, तर कापूस होता.

लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला नावही अमरावतीचंच पडलं. गावाचं तेव्हाचं नाव उमरावती, तिथल्या जिभेला ते झेपेना, म्हणून 'उमरा'. दलाल रोज उमराचा भाव पुकारायचे. त्यांच्यातल्या किती जणांना ते एका गावाचं नाव आहे हे माहीत होतं कोण जाणे. अंबादेवीचं गाव, परकोटाचं, अंबागेटचं, खोलापुरी गेटचं, खुनारी खिडकीचं गाव परदेशात गाठीवरची एक खूण होऊन पोचलं होतं.

वाफेवरची जिनं आली आणि वऱ्हाडातल्या घराघरांतले रेचे थांबले. रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी हातयंत्र, दोन लाटांचं. बाया रात्री स्वयंपाक आटोपून ते फिरवायच्या, त्यावर मीठमिरची सुटायची. जिनांनी ते काम उचललं. त्यातली बरीचशी जिनं मुंबईच्या आणि विलायतेच्या कंपन्यांची. म्हणजे पूर्वी कापूस बाहेर जायचा, पण सरकी काढायची मजुरी तरी गावात राहायची, आता तीही गेली. मुधोळकरांना जे दिसलं ते हे. कच्चा माल परदेशी जातो म्हणून हळहळणारे तेव्हा पुष्कळ होते. दादाभाई नौरोजी आकडे मांडत होते, रानडे अर्थशास्त्र मांडत होते. पण एका जिल्ह्याच्या गावी बसून, समोर पक्षकार ताटकळत असताना, आपण भांडवल गोळा करून आपलं यंत्र आणू असं म्हणणं ही निराळी गोष्ट आहे.

१८८५ साली त्यांच्या पुढाकारानं बेरार ट्रेडिंग कंपनी निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेची पहिली बैठक भरली. हा योगायोग मला फार अर्थाचा वाटतो. वर्षभरात, १८८६ ला, वऱ्हाड सार्वजनिक सभा सुरू झाली. तिचं चिटणीसपद मुधोळकरांनी १८९८ पर्यंत सांभाळलं. कंपनी आणि सभा, दोन्हींत एकच विद्या लागते. ओळखीपाळखीच्या, नात्यागोत्याच्या पलीकडच्या माणसांनी एका कागदावर सह्या करून एकमेकांवर विश्वास टाकायचा, हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा, आणि बहुमतानं ठरेल ते आपल्याला पटलं नाही तरी पाळायचं. ज्या मुलखात व्यवहार म्हणजे सावकाराची वही आणि अंगठा एवढंच माहीत, तिथं ही विद्या नवी होती. नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या तारखेला एम्प्रेस मिल सुरू केली होती. कापसाजवळ गिरणी नेली तर ती चालते हे त्यांनी दाखवून दिलं होतं. पण जमशेटजींच्या पाठीशी मुंबईच्या व्यापाराची पेढी होती. मुधोळकरांच्या पाठीशी वकिलीची कमाई आणि लोकांचा त्यांच्या शब्दावरचा भरवसा. कापसाची जिनं, प्रेस, पुढं सूतगिरणी, तेलाचे घाणे यंत्रावर आणणं, या सगळ्यांत ते स्वतः पडत राहिले, इतरांना ओढत राहिले. बडनेऱ्याला स्टेशनालगत सूतगिरणीचं धुराडं उभं राहिलं. गाडीतून जाणाऱ्या प्रवाशाला वऱ्हाडची ती खूण झाली.

१८९० साली राष्ट्रीय सभेनं विलायतेला शिष्टमंडळ पाठवलं. ह्यूमसाहेब, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अर्डले नॉर्टन आणि मुधोळकर. वय तेहतीस. तिथं गावोगाव सभा झाल्या आणि हिंदुस्थानला कायदे कौन्सिलांत प्रतिनिधी निवडून द्यायचा हक्क हवा, ही मागणी त्यांनी इंग्रज मतदारांपुढं मांडली. मी त्या सभांचा विचार करतो तेव्हा व्यासपीठापेक्षा खालचे श्रोते माझ्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या अंगावरच्या सदऱ्यांत कुठंतरी उमराचा धागा असेल. समोर उभा असलेला, स्वच्छ इंग्रजी बोलणारा तरुण वकील त्या धाग्याच्या गावाहून आला होता.

आणि मग १८९६. हे साल वऱ्हाडच्या पोरांना शाळेत शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्या साली सरकारनं विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला, आणि लँकेशायरला त्याचा जाच होऊ नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, अबकारी कर बसवला. म्हणजे आपल्या शेतातला कापूस आपल्याच गिरणीत विणला, समुद्र ओलांडला नाही, तरी सरकारला दंड भरायचा. हा कर पुढं जवळजवळ तीस वर्षं राहिला. आबाजींना जे पुरासारखं, पावसासारखं वाटत होतं, ते कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेलं होतं. मला हे कळलं तेव्हा आबाजी नव्हते. त्यांना सांगायला पाहिजे होतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सभा अमरावतीला आली. १८९७ चा डिसेंबर. त्या वर्षानं लोकांचा अंत पाहिला होता. दुष्काळ, मुंबई-पुण्याला प्लेग, रँडचा खून, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा. अशा वेळी परकोटाच्या या गावानं देशभरच्या माणसांची बडदास्त ठेवली. अध्यक्ष मद्रासकडचे शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. सुरेंद्रनाथ टिळकांविषयी बोलले तेव्हा मंडपात डोळे पुसणारी माणसं होती. असं अधिवेशन भरवायचं म्हणजे तंबू, पाणी, स्वयंपाकी, बडनेऱ्याहून येणाऱ्या गाड्या, हिशेब आणि रुसवेफुगवे. वऱ्हाडात सभेचं ठाणं जमवण्यात ज्यांचे हात दहा वर्षं लागले होते त्यांत मुधोळकर पहिले.

खापर्डे आणि मुधोळकर. एकाच गावचे, एकाच कोर्टातले दोन वकील. खापर्डे रसिक, दिलदार, हजरजबाबी. त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. त्यांचा वाडा, त्यांच्या पंगती, नाटकवाल्यांची त्यांच्याकडची ऊठबस, टिळकांवरची त्यांची निष्ठा, शिर्डीची डायरी, सगळंच गोष्टीत सांगण्यासारखं. आजही अमरावतीत कुणी जुनं बोलायला लागलं की खापर्ड्यांच्या चार गोष्टी निघतात. मुधोळकरांची गोष्ट निघत नाही. ते गोखल्यांच्या वाटेचे. १९०७ ला सुरतेला सभा फुटली तेव्हा खापर्डे टिळकांबरोबर गेले, मुधोळकर मवाळांत राहिले. मवाळ या शब्दावरच आपल्याकडं अन्याय झाला आहे. तो उच्चारताना आपण आवाज थोडा खाली आणतो, जणू त्या माणसांना रक्तच कमी होतं. स्वतःची कमाई कारखान्यात गुंतवणं, तो बुडाला तर सगळ्या गावाला तोंड दाखवणं, दर वर्षी नव्यानं पत्रं लिहिणं, आकडे मागवणं, छापणं, या कामाला टाळ्या नसतात. पण धीर लागतो.

याचं मोठं उदाहरण म्हणजे औद्योगिक परिषद. १९०५ ला बनारसच्या अधिवेशनाला जोडून ती पहिल्यांदा भरली. रमेशचंद्र दत्त अध्यक्ष होते. पुढं दरसाल सभेच्या मंडपाजवळच ती भरू लागली आणि तिचे सरचिटणीस झाले मुधोळकर. तिथं साखर कशी करावी, चामडं कसं कमवावं, हातमागात काय सुधारणा करावी, तेलबिया बाहेर न पाठवता तेल इथंच कसं काढावं, पोरांना यंत्राचं शिक्षण कुठं द्यावं, यावर देशभरच्या जाणत्यांनी निबंध वाचायचे. आणि त्यांचे जाडजूड अहवाल छापले जायचे अमरावतीत. कलकत्त्यात नाही, मुंबईत नाही. काही वर्षं तरी हिंदुस्थानच्या कारखानदारीचं टपाल अमरावतीच्या पोस्टात येऊन पडत होतं. मला हे दृश्य फार आवडतं. दुपारची वेळ आहे, कोर्ट सुटलंय, टेबलावर मद्रासहून, लाहोरहून आलेल्या लिफाफ्यांचा गठ्ठा आहे आणि रावबहादूर मुधोळकर एकेक उघडून वाचताहेत. बाहेर रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्यात, आत त्याच गाड्यांचा विचार चाललाय.

पण एक गोष्ट माझ्या मनात सलते आणि ती इथं लिहिल्यावाचून पुढं जाता येत नाही. वऱ्हाडातल्या वकिलांकडं पैसा आला कुठून? कापसाच्या भरभराटीनं जमिनीला भाव आला, नव्या जमाबंदीनं जमीन गहाण टाकता-विकता येऊ लागली, सावकारानं तिच्यावर कर्ज दिलं, कर्ज थकलं की दिवाणी कोर्ट. कोर्टात दोन्हीकडून वकील उभे राहत. शेतकरी जिंको की हरो, फी भरायचीच. आमच्याही घरात एक जुना फैसलानामा आहे. त्यात पणजोबांची आठ एकरं गेली. कुणी वकील होते, कुणी सावकार होते, त्यांची नावं सांगण्यात अर्थ नाही. तो काळाचाच रिवाज होता. तरी वाटतं, ज्या पैशानं वऱ्हाडात देशी जिनं उभी राहिली, त्यात अशा आठ-आठ एकरांचेही पैसे असतील. मुधोळकरांना हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. ते स्त्रीशिक्षणाच्या, विधवाविवाहाच्या बाजूचे, अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारे, भोवतालचं दुःख पाहू शकणारे गृहस्थ होते. पण शेतकऱ्याचं कर्ज त्यांना कारखाना वाढला की आपोआप फिटेल असं वाटलं असावं. आणि इंग्रजी राज्याच्या न्यायबुद्धीवर त्यांचा विश्वास होता तो साडेतीन टक्क्यांच्या त्या करानंतरही उरला. इथं मला ते पटत नाहीत. माझ्या आजोबांच्या बाजूनं मी त्यांच्याशी भांडतो. भांडण होतं ते मात्र आपल्या माणसाशी, याचीही मला खात्री आहे.

१९१२ साली ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. सत्ताविसावं अधिवेशन, पाटण्याजवळचं बांकीपूर. वऱ्हाडच्या मातीत वाढलेल्या सार्वजनिक कार्यकर्त्याला हा मान मिळाला, पण कोणत्या वेळी! सभा फुटून पाच वर्षं झाली होती. टिळक मंडालेला, निम्मे लोक बाहेर, मंडपात गर्दी विरळ. ज्या ह्यूमसाहेबांबरोबर बावीस वर्षांपूर्वी विलायतेच्या सभा गाजवल्या होत्या, ते त्याच वर्षी वारले होते. अधिवेशनाच्या तीनच दिवस आधी, २३ डिसेंबरला, दिल्लीत लॉर्ड हार्डिंगवर बाँब पडला. शांतपणे, कायद्यानं, आकड्यांनी बोलायचं म्हणून आयुष्यभर आग्रह धरलेल्या माणसाला अध्यक्षपद मिळालं ते अशा आठवड्यात. गोखले दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतले होते. गांधी नावाचे एक बॅरिस्टर तिथं काय करताहेत हे त्यांनी त्या मंडपात सांगितलं. मुधोळकर अध्यक्षांच्या खुर्चीत बसून ते ऐकत असतील. पुढच्या वीस वर्षांत देशाचं राजकारण कुणाच्या हाती जाणार, याचा अंदाज त्या दिवशी कुणाला असणार!

१९१४ ला सरकारनं त्यांना सी. आय. ई. हा किताब दिला. १९१७ ला ते सभेतून बाहेर पडले आणि पुढं लिबरलांबरोबर राहिले. १३ जानेवारी १९२१ ला ते गेले. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी नागपूरला, गाडीनं काही तासांच्या अंतरावर, प्रचंड अधिवेशन भरलं होतं आणि असहकाराचा ठराव पक्का झाला होता. लोक टोप्या घालून, घोषणा देत परतत होते. घराघरांत चरखा आला. म्हणजे प्रश्न तोच होता, की कापूस इथला, मग सूत बाहेरचं का? मुधोळकरांनी त्याला कंपनी, भाग, वाफेचं इंजिन, तांत्रिक शिक्षण असं उत्तर दिलं होतं. गांधींनी तोच धागा गरिबातल्या गरीब बाईच्या हातात दिला. पुढं गांधी कापसाच्या या पट्ट्यातच, वर्धेजवळ सेवाग्रामला, राहायला आले. दोन्ही उत्तरं वऱ्हाडच्या आसपासच देऊन झाली. मला त्यांतलं एक खोटं ठरवता येत नाही.

एक गोष्ट ओघात सांगतो. मुधोळकरांचे चिरंजीव जनार्दन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९६४ च्या सज्जन सिंग खटल्यात त्यांनी विचारलं की संविधानाच्या मूळ वैशिष्ट्यांना हात लावणं ही दुरुस्ती म्हणायची की नवं संविधान लिहिणं? नऊ वर्षांनी केशवानंद भारतीच्या निकालात संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला, त्याच्या मुळाशी जाणारे अभ्यासक या प्रश्नापाशी थांबतात. वस्तू घडते ती कशानं, आणि काय काढलं की ती तीच राहत नाही, हा विचार या घरात दोन पिढ्या चालला.

मी अकोल्यात राहतो. लहानपणी इथल्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या आळीतली घड्याळं लागायची. सकाळी सातचा भोंगा झाला की कामगारांच्या सायकलींची रांग निघायची, डब्यांचा खडखडाट. भोंगा बंद झाला तेव्हा माय कितीतरी दिवस सात वाजता दचकून बाहेर बघायची. त्या कामगारांतले काही पुढं ऑटो चालवू लागले, काही सुरतेला गेले, काहींनी पानठेला टाकला. शहरात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. तिथं कापसाची नवनवी वाणं निघतात, शिवारफेरीला गावोगावचे शेतकरी येतात. पीक वाढवायची विद्या आपण शिकलो. गाठीच्या पुढचं मात्र अडूनच राहिलं. आणि मधल्या काळात वऱ्हाडातल्या किती घरांतून कर्ता माणूस कर्जापायी गेला, ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. आमच्या गावातही एक घर आहे. त्या घरावरून जाताना मी अजून मान वर करत नाही.

२० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या नव्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला बसली, १,००० एकरांवरची. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात १८८५ हे साल आलं. शंभरावर वर्षं झाली आणि आपण पुन्हा त्याच पायरीवर उभे आहोत. तरी मला आनंद झाला. तो झाकत नाही. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत आधीपासून काही गिरण्या चालू आहेत आणि माझा पुतण्या त्यांतल्या एकीत लागला आहे. रिंगफ्रेमवर असतो. तीन पाळ्यांत फिरतं काम. सुट्टीला आला की त्याच्या कानात अजून चात्यांचा आवाज भरलेला असतो आणि तो जरा मोठ्यानं बोलतो.

गेल्या दिवाळीत त्यानं एक कोन आणला. कागदी शंकू, त्यावर थोडंसं सूत उरलेलं. माय आता ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. तिनं ते सूत बोटांत धरलं, अंगठ्यानं चाचपलं, नखावर ताणून बघितलं. आजी वात वळायची तेव्हा तिचीही बोटं अशीच चालायची.

"बारीक हाय रे," माय म्हणाली. "आपल्या इकडच्याच कापसाचं हाय काय हे?"

"काय माहीत आजी," तो म्हणाला. "गाठीवर नंबर असते. गावाचं नाव नसते."

मायनं कोन मांडीवर घेतला आणि सुताचं टोक शोधत बसली.